उंच माणूस, छोटी गाडी: 'मावणं' आणि 'बसणं' यांतला फरक



मागच्या भाषणात आपण ॲरिस्टॉटलच्या मध्यममार्गाविषयी बोललो. त्यानंतर एका श्रोत्यांनी कळवलं, "सर, उदाहरणं नेहमी धैर्याची आणि दानाचीच असतात. फूटपट्टीने मोजता येईल असं एखादं द्या ना." मागणी रास्त आहे. तर आज फूटपट्टीचंच उदाहरण घेऊ. सहा फूट तीन इंच उंचीचा माणूस दोन आसनांच्या छोट्या उघड्या गाडीत नीट कसा बसवायचा? (हशा)

हसू नका. या प्रश्नात एक अपघात होता होता राहिला आहे.

माझा भाचा अमेरिकेत ओहायो राज्यात, डेटन शहरात राहतो. त्याने जुनी माझदा एमएक्स-५ घेतली, पहिल्या पिढीतली. या प्रकारच्या गाडीला रोडस्टर म्हणतात. दोनच आसनं, वर कापडी छत, हवं तेव्हा मागे घडी घालायचं. ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांपुढे आली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २,२६५ मिलिमीटर, एकूण लांबी चार मीटरच्या आत, उंची सुमारे सव्वा मीटर. म्हणजे भाचा शेजारी उभा राहिला की छत त्याच्या कमरेच्या जरासं वर येतं. कंपनीने या गाडीसाठी एक जपानी शब्दप्रयोग वापरला, 'जिन्बा इत्ताई'. स्वार आणि घोडा एकजीव. आपल्याकडे घोडेस्वारीत 'मांड बसली' म्हणतात ना, तीच कल्पना. आता गंमत बघा. जी गाडी स्वाराशी एकजीव व्हायचं म्हणते, तिच्यात हा स्वार नीट बसतच नव्हता.

मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मी शेजारच्या आसनावर. एका चौकात दिवा लाल झाला. तो भाच्याला उशिरा दिसला, कारण त्याचे डोळे काचेच्या वरच्या चौकटीला समांतर होते आणि दिवा त्या चौकटीआड होता. त्याने घाईने उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेककडे नेला, तर गुडघा स्टीअरिंगच्या खालच्या कडेला अडकला. पाय सुटला, ब्रेक लागला, गाडी थांबली. पुढच्या गाडीत आणि आमच्यात हातभर अंतर राहिलं असेल. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग तो म्हणाला, "मामा, मी यात मावतो असं मला वाटत होतं."

आजच्या भाषणाचा विषय त्या वाक्यात आहे. मावणं वेगळं आणि बसणं वेगळं. दार लागलं, छत लागलं, म्हणजे माणूस मावला. पण अचानक काही घडलं तेव्हा पाय जिथे जायला हवा तिथे विनाअडथळा जातो का? जात असेल तरच तो बसला. मर्लो-पोंती या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९४५ च्या ग्रंथात गाडी चालवणाऱ्याचं उदाहरण दिलं आहे. सवयीचा चालक बोळातून गाडी काढताना बोळाची रुंदी आणि गाडीची रुंदी मनात मोजत बसत नाही. गाडी त्याच्या शरीराचा भाग झालेली असते. पण यासाठी आधी शरीराला त्या गाडीत जागा हवी. जिथे गुडघा अडकतो तिथे गाडी पुन्हा एक परकी वस्तू होते, आणि तीही नेमकी संकटाच्या क्षणी.

त्या रात्री आम्ही कागद घेऊन बसलो. पहिला प्रश्न असा की अडचण नेमकी कुठे आहे? 'मी उंच आहे' हे उत्तर कामाचं नाही. उंची हा एकच आकडा आहे, आणि गाडीत उभं राहून कोणी जात नाही. (हशा) गाडीत माणूस घड्या घालून बसतो, आणि प्रत्येक घडीचं माप वेगळं. एकाच उंचीची दोन माणसं घ्या. एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. पहिल्याचे गुडघे अडतील, दुसऱ्याचं डोकं छताला लागेल. दोघांना एकच औषध दिलं तर एकाला अपाय होईल.

म्हणून आम्ही चार जागा वेगळ्या मांडल्या. एक, डोकं आणि छत. दोन, डोळे आणि काचेची वरची चौकट. तीन, गुडघा आणि स्टीअरिंग. चार, मांडी आणि आसनाची पुढची कड. या चारही जागा एकमेकींना बांधलेल्या आहेत. एक सैल केली की दुसरी आवळते.

इथे डेटनचाच एक किस्सा सांगतो. या शहराला लागून अमेरिकन हवाई दलाचा राइट-पॅटरसन तळ आहे. १९५० च्या सुमारास तिथे वैमानिकांची मापं घेतली गेली, कारण विमानातली बसायची जागा 'सरासरी' माणसासाठी आखलेली होती आणि विमानांवरचा ताबा सुटण्याचे प्रकार घडत होते. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने ४,०६३ वैमानिकांची दहा मापं घेतली. त्याने सरासरीची व्याख्याही उदार ठेवली. प्रत्येक मापात मधले ३० टक्के लोक सरासरीचे धरायचे. मग मोजलं की दहाही मापांत सरासरीचे किती? उत्तर आलं, शून्य. चार हजारांत एकही नाही. नुसती तीन मापं घेतली तरी साडेतीन टक्केसुद्धा भरेनात. १९५२ साली हा अहवाल आला. त्यातून निघालेला धडा साधा होता. सरासरी माणसासाठी केलेली जागा कोणाचीच नसते. तेव्हा आसन हलवता आलं पाहिजे, पेडल हलवता आलं पाहिजे, पट्टे कमी-जास्त करता आले पाहिजेत.

आता या गाडीकडे बघा. पहिल्या दोन पिढ्यांत स्टीअरिंग ना वर-खाली होतं, ना पुढे-मागे. तिसऱ्या पिढीत वर-खाली करायची सोय आली. चौथी पिढी २०१५ ची, पण चालकाकडे ओढता येणारं स्टीअरिंग २०१९ च्या मॉडेलपर्यंत आलं नाही. हातांना ते जवळ मिळालं की आसन मागे नेता येतं, आणि पायांना जागा होते. इतकी साधी गोष्ट यायला तीस वर्षं लागली.

मागच्या भाषणातला मिलो आठवतो? ॲरिस्टॉटल म्हणतो, मल्लाला दहा माप अन्न जास्त आणि दोन माप कमी, म्हणून वस्तादाने प्रत्येकाला सहा माप द्यावं असं होत नाही. ते मिलोला कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. आपल्या तालमीतल्या कोणत्याही वस्तादाला हे विचारा, तो खुराक पोराकडे बघून ठरवतो. मध्य हा वस्तूचा नसतो, तो 'आपल्या सापेक्ष' असतो. पण सापेक्ष म्हणजे मनाला येईल तसा, असा अर्थ नाही. तो शोधावा लागतो, आणि चुकला तर शरीर सांगतं.

आम्हीही आधी चुकलोच. माणूस उंच, म्हणून आसन खाली न्या, असा सरळ हिशोब केला. भाच्याने आसनाचं कव्हर काढलं, ते लोखंडी कड्यांनी ताणून बसवलेलं असतं, आणि खालचा फोम बराच काढून टाकला. डोकं इंचभर खाली आलं, दिवे दिसू लागले. आम्ही खूश. पण तासाभराच्या प्रवासानंतर त्याची कंबर धरली. का? कंबर खाली गेली, पाय होते तिथेच राहिले, त्यामुळे मांड्या आसनावरून उचलल्या गेल्या. सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर आला.

मग शहाणपण सुचलं. पुन्हा नवीन फोम बसवला, आणि या वेळी फक्त हाडांखाली खोलगट केला. पुढचा, मांडीखालचा भाग तसाच ठेवला. शिवाय आसनाच्या पुढच्या बोल्टांखाली जाड वॉशर घातले, ज्यांना आपल्याकडचे मेकॅनिक 'वायसर' म्हणतात. त्याने पुढची कड थोडी उचलली आणि मांडीला टेकू मिळाला. पण मांडी वर आली म्हणजे गुडघा पुन्हा स्टीअरिंगजवळ! आली का पंचाईत? यावर उपाय पाठीच्या गादीत सापडला. तिथला खालचा फोम पातळ केला, तशी कंबर मागे सरकली आणि गुडघाही मागे आला. आसन मागे ढकलता येत नव्हतं, कारण त्याच्या मागे गाडीची भिंतच आहे. पण माणूस आसनात मागे जाऊ शकत होता.

गुडघ्यासाठी आणखी एक उपाय सर्रास केला जातो. मूळ स्टीअरिंग काढून लहान व्यासाचं लावायचं. मी भाच्याला विचारलं, "मग ते का करत नाहीस?" तो म्हणाला, "मामा, एअरबॅग त्याच्यातच आहे." म्हणजे गुडघ्याच्या सोयीसाठी छातीचं संरक्षण द्यायचं. त्याने ते केलं नाही, आणि मला ते पटलं. एअरबॅग ठेवायची तर छातीच्या हाडापासून स्टीअरिंगच्या मध्यापर्यंत किमान दहा इंच, म्हणजे २५ सेंटिमीटर अंतर हवं, हेही लक्षात ठेवा. नव्या गाड्यांत आसनाच्या आत तापवायच्या तारा किंवा माणूस बसला आहे हे ओळखणारा सेन्सर असतो. तिथे फोमला सुरी लावण्याआधी आत काय आहे ते माहीत करून घ्यावं.

आता शेवटची आणि सगळ्यात गंभीर गोष्ट. छत उघडलं की उंच माणसाला वाटतं, डोक्याचा प्रश्न सुटला. तो सुटत नाही, फक्त दिसेनासा होतो. गाडी उलटली तर डोक्याचं रक्षण कोण करणार? या पिढीच्या गाडीत डोक्यामागे लोखंडी कमान कारखान्यातून येत नाही. भाच्याने ती बसवून घेतली, आणि तिच्यावर जाड आवरणही घातलं, कारण उंच माणसाचं डोकं त्या लोखंडाच्या अगदी जवळ येतं. मग झाडूची परीक्षा. कमानीच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीपर्यंत सरळ दांडा ठेवायचा. डोकं त्याच्या खाली राहिलं पाहिजे. भाचा आत बसला, मी लांब दांड्याचा झाडू धरून उभा. सत्तरीतला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक भर रस्त्यात झाडू घेऊन, शेजारी बघताहेत. (हशा) दांडा आणि डोकं यांत दोन बोटं जागा निघाली. आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

पण त्याला ही गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची होती. त्यासाठीच ती घेतली होती म्हणा ना. तिथे हेल्मेट लागतं, आणि हेल्मेटचा माथासुद्धा दांड्याच्या दोन इंच खाली हवा असा तिथल्या क्लबचा नियम होता. हेल्मेट घालून बसला तर माथा दांड्याला टेकला. आता काय करायचं? आसन आणखी खाली न्यायचं, तर कंबर जाते. पाठ आणखी कलती करायची, तर पट्टा खांद्यावरून सुटतो. प्रत्येक मार्गाने कुठेतरी काहीतरी गमवायचं होतं. तो बराच वेळ तसाच बसून राहिला. मग हेल्मेट काढून म्हणाला, "ट्रॅक राहू दे. रस्त्यावर चालवीन." ट्रॅकचा नाद त्याने सोडला तो तिथेच. त्याला वाईट वाटलं, हे मी बघितलं.

मित्रहो, मध्य शोधताना आपण धरून चालतो की तो कुठेतरी असणारच. तसं नेहमी नसतं. या शरीराला, या गाडीत, रस्त्यासाठी मध्य सापडला. ट्रॅकसाठी तो नव्हता. आणि जिथे नाही तिथे 'आहे' म्हणून डोकं झाकून घेणं, यालाच आपण मावणं म्हणतो.

एक प्रश्न आलाय. "सर, मग उंच माणसाने गाडी घेण्याआधी काय पाहावं?"

चांगला प्रश्न. पाच मिनिटं नाही, अर्धा तास बसा. रोजचे बूट घालून बसा, कारण तळव्याची जाडीसुद्धा गुडघा वर नेते. छत लावून बसा. पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर वेगाने दहा वेळा न्या, तेही स्टीअरिंग दोन्ही बाजूंना वळवून. उंचावरचा सिग्नल मान न वाकवता दिसतो का पाहा. मांडीखाली हात घाला. हात मोकळा फिरत असेल तर टेकू नाही. छत उघडून दांडा लावा. आणि बदल करायचेच तर आधी परत फिरवता येणारे करा. वायसर काढता येतो, कापलेला फोम परत जुळत नाही.

आणि सोबत कोणीतरी न्या. झाडू धरायला माणूस लागतो. (हशा)