दुरून पक्षी साजरे!

लाखमोलाच्या लेन्सशिवाय दूरच्या पक्ष्याचे छायाचित्र काढता येते का? माळ्यावर पडून असलेली छोटी दुर्बीण हे काम करू शकते. शिवाय पक्ष्याच्या संसारात लुडबुडही होत नाही!

डिसेंबरमधली सकाळ. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणजवळ उजनी धरणाचे पाणी दूरवर पसरलेले. काठच्या चिखलात लांब लाल पायांचे शेकाटे तोऱ्यात चालत आहेत आणि पलीकडे उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा माना खाली घालून उभा आहे. शहरातून आलेले एखादे कुटुंब नावेत बसते. बाबा कॅमेरा डोळ्याला लावतात आणि भराभर फोटो काढतात. घरी परतल्यावर सगळे फोटो पाहायला जमतात आणि धाकटी विचारते, "बाबा, यात पक्षी कुठे आहेत?" बाबा बोट ठेवून दाखवतात, "हा काय, हा गुलाबी ठिपका!"

असा एखादा ठिपका बहुतेक घरांच्या अल्बममध्ये सापडतो. यात दोष ना बाबांचा, ना कॅमेऱ्याचा. सारा हिशेब अंतराचा आहे. खंड्या पक्षी घ्या. चोचीपासून शेपटीपर्यंत त्याची लांबी सुमारे २८ सेंटिमीटर. तो ३० मीटरवरच्या तारेवर बसला असेल, तर ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या लेन्समधून कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्याची प्रतिमा जेमतेम अर्धा मिलिमीटर पडते. पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यात हा पडदा ३६ मिलिमीटर रुंद असतो. मग ठिपका नाही तर दुसरे काय दिसणार? तोच खंड्या ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून पावणेपाच मिलिमीटरचा होतो आणि १००० मिलिमीटरच्या लेन्समधून नऊ मिलिमीटरहून मोठा. आता त्याची लालभडक चोच, पांढराशुभ्र गळा, निळे पंख सारे काही ओळखू येते.

पण अशी लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची कुणी? व्यावसायिक छायाचित्रकार वापरतात ती ६०० मिलिमीटरची मोठी लेन्स दहा लाखांच्या पुढे जाते. तेवढ्या पैशांत दारात मोटार येते! मुलांच्या फीचा आणि घराच्या हप्त्याचा मेळ घालणाऱ्या माणसाने हा शौक सोडून द्यावा, असेच कुणालाही वाटेल. इथेच दुर्बीण मदतीला येते.

दुर्बीण म्हणजे तरी काय?

दुर्बिणीच्या पुढच्या टोकाला एक मोठे भिंग असते. ते दूरच्या वस्तूची छोटी प्रतिमा नळीच्या मागच्या टोकाशी तयार करते. डोळा लावायच्या बाजूचे छोटे भिंग, म्हणजे नेत्रिका, ती प्रतिमा मोठी करून दाखवते. आता ही नेत्रिका काढून त्या जागी कॅमेरा ठेवला तर? प्रतिमा थेट कॅमेऱ्यात उमटेल. म्हणजे दुर्बीण हीच लेन्स झाली!

समोरचे भिंग ८० मिलिमीटर व्यासाचे आणि नाभीय अंतर ४८० मिलिमीटर, अशी छोटी दुर्बीण आकाशनिरीक्षणाचे हौशी लोक सर्रास वापरतात. कॅमेऱ्याच्या भाषेत ती ४८० मिलिमीटरची, एफ/६ ची लेन्स होते. अशा साध्या दुर्बिणी काही हजार रुपयांपासून मिळतात. कुणाच्या घरी धूमकेतू किंवा शनीची कडी पाहायला हौसेने आणलेली दुर्बीण माळ्यावर धूळ खात पडलेलीही असते.

युक्ती जुनीच

ही कल्पना काही आजची नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री माक्सुतोव्ह यांनी १९४१ मध्ये आरसा आणि जाड वक्र काच यांचा मेळ घालणारी आखूड दुर्बीण शोधली. त्याच रचनेवर पुढे कॅमेऱ्याच्या लेन्स तयार झाल्या आणि १९५८ च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात त्यांना मोठा सन्मान मिळाला. अमेरिकेत १९५४ पासून विकली जाणारी 'क्वेस्टार' ही साडेतीन इंची दुर्बीणही याच जातीची. ती तारे पाहणाऱ्यांनी घेतली, तशीच छायाचित्रकारांनीही.

आपल्याकडेही जुळवाजुळवीचा हा वारसा आहे. मद्रासचे निसर्गलेखक आणि छायाचित्रकार एम. कृष्णन (१९१२-१९९६) यांनी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे भाग एकत्र करून आपला अवजड कॅमेरा बनवला होता आणि गमतीने त्याला 'सुपर पोंडेरोसा' असे नाव दिले होते. त्याच कॅमेऱ्याने त्यांनी हत्ती-गव्यांची कृष्णधवल छायाचित्रे टिपली. महागड्या साधनांवाचून काम अडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

डिजिटल कॅमेरे आल्यावर या युक्तीला नवे बळ मिळाले. १९९९ मध्ये मलेशियातील पक्षिनिरीक्षक लॉरेन्स पोह यांनी आपला छोटा निकॉन कूलपिक्स कॅमेरा पक्षी पाहण्याच्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला टेकवून पाहिला. फोटो इतका स्वच्छ आला, की जगभरच्या पक्षिमित्रांनी ही रीत उचलून धरली. अॅलेन फॉसे या फ्रेंच पक्षिनिरीक्षकाने तिला 'डिजिस्कोपिंग' हे नाव दिले.

जोडायची कशी?

जोडण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत लेन्स काढता येणाऱ्या कॅमेऱ्यासाठी. कॅमेऱ्याची लेन्स आणि दुर्बिणीची नेत्रिका दोन्ही काढायच्या. कॅमेऱ्याच्या तोंडाला 'टी-रिंग' नावाची कडी बसवायची. प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी ही कडी वेगळी मिळते, पण तिच्या दुसऱ्या बाजूचे आटे सगळीकडे सारखेच, ४२ मिलिमीटरचे असतात. त्या आट्यांत एक छोटी नळी फिरवली, की ती नेत्रिकेच्या जागी सरकते. बहुतेक दुर्बिणींत ही जागा सव्वा इंचाची असते. झाली लेन्स तयार!

मात्र एक अडचण नवख्यांना हमखास गोंधळात टाकते. आकाशाच्या दुर्बिणी फार दूरचे पाहण्यासाठी बनवलेल्या असतात. पक्षी जितका जवळ, तितकी प्रतिमा मागे सरकते. ५०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत १० मीटरवरच्या पक्ष्यासाठी कॅमेरा सुमारे २६ मिलिमीटर मागे न्यावा लागतो. काही केल्या चित्र स्पष्ट होत नसेल, तर दुर्बीण बिघडली असे समजू नये. मध्ये आणखी एक जोडनळी घातली, की काम होते.

दुसरी पद्धत याहून सोपी. नेत्रिका जागेवरच ठेवायची आणि तिच्यामागे लेन्ससकट छोटा कॅमेरा किंवा मोबाइल फोन धरायचा. दुर्बीण वीसपट मोठे दाखवत असेल आणि फोनची लेन्स नेहमीच्या हिशेबात २५ मिलिमीटरची असेल, तर दोन्हींचा गुणाकार ५०० मिलिमीटर. हाताने धरल्यास फोन हलतो आणि चित्राभोवती काळे कडे येते. त्यासाठी फोन घट्ट पकडणारी चिमट्यासारखी जोडणी मिळते. या पद्धतीला पक्षिनिरीक्षणाची दुर्बीण, म्हणजे 'स्पॉटिंग स्कोप', उत्तम. तिच्यातून चित्र सुलटे दिसते. आकाशाच्या दुर्बिणीतून पाहताना पक्षी उलटा लटकलेला दिसतो, पण फोटो नंतर फिरवून घेता येतो.

कोणती दुर्बीण निवडावी?

साध्या दोन काचांच्या भिंगाची दुर्बीण स्वस्त असते, पण तिच्यात रंगदोष असतो. पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी किनार दिसते. 'ईडी' काचेच्या दुर्बिणीत ही किनार पुष्कळ कमी होते, मात्र किंमतही वाढते. आरशाच्या आखूड दुर्बिणीत रंगदोष जवळजवळ नसतो आणि ती पिशवीत मावते. ९० मिलिमीटर व्यासाची अशी दुर्बीण १२५० मिलिमीटरची लेन्स होते! पण तिची पत एफ/१४ च्या आसपास असल्याने एफ/५.६ च्या लेन्सच्या मानाने तिच्यातून सहावा हिस्साच प्रकाश येतो. शिवाय मध्ये आरसा असल्यामुळे पाण्यावर चमकणारे कवडसे फोटोत बांगड्यांसारखे गोल दिसतात. जिच्यात नळीच्या कडेने पाहावे लागते, ती मोठ्या आरशाची दुर्बीण या कामी घेऊ नये. तिच्यात कॅमेरा बरेचदा योग्य जागी पोहोचतच नाही.

कसोटी धीराची

जोडणी झाली, म्हणजे फोटो आलाच असे नाही. इथे आपोआप स्पष्ट करणारी यंत्रणा नाही. चक्री हळूहळू फिरवून डोळ्यानेच नेम साधावा लागतो. २० मीटरवरच्या पक्ष्यासाठी ५०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत जेमतेम अर्धा मीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, १००० मिलिमीटरला तर फूटभरच. म्हणून नेम नेहमी डोळ्यावर धरावा. डोळा स्पष्ट आला, की पक्षी जिवंत वाटतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र मोठे करून पाहिले तर हे काम सोपे जाते.

दुसरा शत्रू म्हणजे कंप. पक्षी जितका मोठा दिसतो, तितकी थरथरही मोठी होते. भक्कम ट्रायपॉड हवाच. गाडीच्या खिडकीतून फोटो घ्यायचा तर तांदूळ भरलेली छोटी पिशवी काचेच्या कडेवर ठेवून तिच्यावर दुर्बीण टेकवावी. बटन बोटाने दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर लावावा.

तिसरा शत्रू आहे ऊन. सकाळी दहानंतर चिखल, पाणी आणि डांबर यांवरची हवा थरथरू लागते. मग कितीही भारी दुर्बीण असली तरी चित्र विरघळल्यासारखे येते. सूर्योदयानंतरचे दोन तास हाच खरा मुहूर्त.

आणि हेही प्रांजळपणे सांगायला हवे, की दुर्बीण सगळीच कामे करत नाही. झेप घेणारा ससाणा किंवा अंधूक जंगलातून चालत जाणारा वाघ टिपायला ती उपयोगाची नाही. त्यासाठी आपोआप स्पष्ट होणारी लेन्सच हवी. अशा ६०० मिलिमीटरपर्यंतच्या झूम लेन्स आता लाखाच्या आसपास मिळू लागल्या आहेत. दुर्बीण शोभते ती स्थिर बसणाऱ्या पक्ष्याला: काठावर ध्यान लावलेला वंचक, तारेवरचा वेडा राघू, वाळक्या फांदीवरचा पिंगळा.

टिटवीची चार अंडी

पण दुर्बिणीचा सर्वांत मोठा गुण पैशांच्या बचतीत नाही. तो आहे तिने राखलेल्या अंतरात.

टिटवीचेच पाहा. ती घरटे बांधत नाही. उघड्या माळावर, खडे-मातीत, बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरून बसते. कधी पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांना गारवा देते. अशा वेळी छोटी लेन्स घेतलेला हौशी छायाचित्रकार जवळ जवळ जाऊ लागतो. टिटवी ओरडत उठते आणि त्याच्या डोक्यावर घिरट्या घालते. त्याला वाटते, काय सुंदर फोटो मिळतोय! इकडे अंडी तापलेल्या जमिनीवर उघडी पडलेली असतात आणि कावळे टपलेलेच असतात. अर्ध्या तासाच्या फोटोपायी एक विणीचा हंगाम वाया जाऊ शकतो.

कायदाही या बाबतीत कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ बंदूक चालवणे नव्हे. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. हातात बंदूक नसून कॅमेरा आहे, एवढ्याने माणूस निर्दोष ठरत नाही.

दुर्बीण घेऊन तोच माणूस पन्नास मीटरवर, झाडाच्या सावलीत बसला तर? टिटवी थोडा वेळ मान उंचावून पाहते, मग निर्धास्त होऊन अंड्यांवर बसते. चोचीने अंडे हळूच फिरवते, पिसे फुलवते. घाबरलेल्या पक्ष्याच्या फोटोत हे कधीच दिसत नाही. किती अंतर पुरेसे, याचे उत्तर पक्षीच देतो. तो उठला, ओरडला किंवा खाणे थांबवून टक लावून पाहू लागला, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि मुकाट्याने मागे सरावे. घरट्याची जागा मात्र चारचौघांत सांगू नये, आणि अभयारण्यात परवानगी व नियम आधी विचारून घ्यावेत.

मुलांच्या हाती दुर्बीण देताना एक गोष्ट बजावून सांगावी. तिच्यातून सूर्याकडे चुकूनही पाहायचे नाही. क्षणार्धात डोळा कायमचा अधू होऊ शकतो.

सुरुवातीला भिगवण किंवा भरतपूर गाठण्याचीही गरज नाही. गच्चीवरून समोरच्या पिंपळावरचा तांबट टिपून हात बसवावा. पहिले पन्नास फोटो धूसर येतील, एक्कावन्नावा येईल. मग पुढच्या डिसेंबरात उजनीच्या काठावर ट्रायपॉड रोवावा. या खेपेस धाकटी अल्बम उघडेल, तेव्हा ठिपका शोधावा लागणार नाही. रोहित पक्ष्याची वाकडी चोच, तिचे काळे टोक आणि पाण्यात पडलेली गुलाबी सावली तिला दिसेल. आणि तो थवा? त्याला आपला फोटो निघाल्याची गंधवार्ताही नसेल. चिखलात माना घालून तो खुशाल आपली न्याहारी करत असेल.