प्री-कॉलेज म्युझिक स्कूलचा ‘ऑनर्स डिप्लोमा’ म्हणजे काय? तो मिळवायला मुलांना काय करावं लागतं?

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांना तुम्ही शनिवारी फोन केलात आणि “हिला म्युझिक स्कूलला सोडायला निघालोय” असं उत्तर आलं, तर ते तासाभराच्या पियानो क्लासबद्दल बोलत असतीलच असं नाही. मुलगी कदाचित संध्याकाळपर्यंत तिथेच असेल. तास, मग थिअरी, मग ऑर्केस्ट्राची तालीम, मधे डबा. असे शनिवार बारावी होईपर्यंत चालतात. शेवटी हातात एक कागद पडतो: डिप्लोमा. काही मोजक्या मुलांच्या कागदावर ‘ऑनर्स’ हा शब्दही असतो.

या कागदाची खरी किंमत किती? त्याआधी ही शाळा काय असते ते पाहू.

पाश्चात्त्य संगीतात पदवी देणाऱ्या मोठ्या संस्थांना कॉन्झर्व्हेटरी म्हणतात. यातल्या बऱ्याच संस्था शाळकरी मुलांसाठी वेगळा विभाग चालवतात. त्याला कुठे प्रिपरेटरी म्हणतात, कुठे प्री-कॉलेज. बाल्टिमोरच्या पीबॉडी इन्स्टिट्यूटचा असा विभाग १८९४ पासून आहे. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डच्या प्री-कॉलेजची मुळं १९१६ पर्यंत जातात. तिथे ८ ते १८ वयाची मुलं ऑडिशन देऊन प्रवेश घेतात. नेहमीची शाळा सोमवार ते शुक्रवार असते, म्हणून संगीताची शाळा शनिवारी. कॉन्झर्व्हेटरीशी न जोडलेल्या स्वतंत्र संगीत शाळाही असे अभ्यासक्रम चालवतात.

साधा डिप्लोमा आणि ऑनर्स यात फरक काय?

आपल्याकडे ‘विशारद’ म्हटलं की अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचा ठरलेला अभ्यासक्रम डोळ्यांसमोर येतो. परीक्षा मिरजेत द्या किंवा नागपुरात, पातळी तीच. मुंबई, पुणे, गोव्यातली मुलं देतात त्या एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षांचंही तसंच आहे: १५० पैकी १०० गुणांना पास, १२० ला मेरिट, १३० ला डिस्टिंक्शन, जगात कुठेही.

अमेरिकेतल्या प्री-कॉलेज ऑनर्सला असा एक मापदंड नाही. प्रत्येक शाळा आपले नियम आपण ठरवते. त्यामुळे एका शाळेचा ऑनर्स आणि दुसऱ्या शाळेचा ऑनर्स यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

ढोबळ साचा मात्र सारखा दिसतो. साध्या डिप्लोमासाठी आपलं वाद्य किंवा गायन नियमित शिकणं, थिअरीच्या ठरावीक पायऱ्या पूर्ण करणं आणि वर्षाअखेरीस ‘ज्युरी’समोर वाजवणं पुरतं. ज्युरी म्हणजे शिक्षकांचं परीक्षक मंडळ. ऑनर्सला यावर भर पडते: थिअरीची वरची पायरी, संगीताचा इतिहास, इतरांबरोबर वाजवण्याचा अनुभव, ज्युरीकडून वरचा शेरा आणि शेवटी एकट्याच्या बळावर पूर्ण लांबीची मैफल, म्हणजे रिसायटल.

मुलं अडकतात कुठे?

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, रिसायटल हीच कठीण पायरी. ती कठीण आहेच. पियानो वाजवणाऱ्याला साधारणपणे बाखची एखादी रचना, बीथोव्हनसारख्या संगीतकाराचा सोनाटा, मग शोपँ आणि विसाव्या शतकातलं काहीतरी, असे वेगवेगळ्या काळांतले नमुने सादर करावे लागतात, तेही बहुतेक वेळा समोर कागद न ठेवता. पण त्याची तयारी रोजच्या रियाजातून होत असते आणि शिक्षक सोबत असतात.

खरी मेहनत असते ती इअर ट्रेनिंगची, म्हणजे कानाच्या शिक्षणाची. शिक्षक पियानोवर एक सुरावट तीन-चार वेळा वाजवतात आणि मुलांनी ती ऐकून कागदावर लिहायची. मग एकाच वेळी वाजणाऱ्या चार सुरांचा समूह ओळखायचा. मग कधीही न पाहिलेली ओळ कागदावरून थेट गायची. बोटं वेगानं चालतात म्हणून इथे सुटका होत नाही. आठवड्याला एक तास शिकून हे येत नाही, त्याला वर्षं लागतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी शाळेत आलेल्या चांगल्या वादकाचा ऑनर्स हुकतो तो बरेचदा इथेच.

घरी हिंदुस्तानी संगीत शिकणाऱ्या मुलांसाठी यात एक गंमत आहे. आपला ‘सा’ गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे कुठेही बसतो. ज्युलियार्डमध्ये मात्र ‘फिक्स्ड डो’ पद्धत चालते. तिथे ‘डो’ म्हणजे पियानोची एक ठरलेली पट्टी, ती हलत नाही. सारेगम डोक्यात पक्कं असलेल्या मुलाला सुरुवातीला हे उलटं वाटतं. काही शाळा हलत्या ‘डो’नं शिकवतात, तिथे ही अडचण येत नाही.

कॉलेज प्रवेशात याचा फायदा होतो का?

महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या मान्यताप्राप्त परीक्षांसाठी दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणून आपल्याला वाटतं, तिकडेही ऑनर्सचे काही गुण ठरलेले असतील. तसं काही नाही.

संगीताची पदवी घ्यायची असेल तर कॉन्झर्व्हेटरी ऑडिशन ऐकते. ज्युलियार्डसारख्या ठिकाणी तर आधी रेकॉर्डिंग पाठवायचं आणि ते पसंत पडलं तरच प्रत्यक्ष बोलावणं येतं. तिथे डिप्लोमाचा कागद मुलाच्या वतीनं वाजवत नाही! दुसऱ्या विषयाला जायचं असेल तर अर्जात उपक्रमांच्या यादीत ऑनर्सची एक ओळ येते. अनेक विद्यापीठं रेकॉर्डिंगही स्वीकारतात. त्या ओळीमागे बरीच वर्षं टिकून केलेलं काम आहे हे वाचणाऱ्याला कळतं, पण प्रवेशाची हमी त्यातून मिळत नाही.

या शाळांतून गेलेले सगळेच वादक होतात असंही नाही. चेलोवादक यो-यो मा लहानपणी ज्युलियार्डमध्ये लिओनार्ड रोज यांच्याकडे शिकले, पण पदवी त्यांनी १९७६ मध्ये हार्वर्डमधून घेतली. व्हायोलिनवादक मिडोरी यांनी १९८७ मध्ये पंधराव्या वर्षी प्री-कॉलेज अर्धवट सोडलं. तोवर त्या मोठ्या ऑर्केस्ट्रांबरोबर वाजवत होत्या. पुढे त्यांनी मानसशास्त्राचं शिक्षण घेतलं.

मग अकरावीत काय करायचं?

घराघरांत वाद होतो तो याच वर्षी. शाळेचा अभ्यास, एसएटी, कॉलेजचे अर्ज आणि ऑनर्सचं रिसायटल एकमेकांवर आदळतात. काही पालक म्हणतात, संगीत थांबव. काही म्हणतात, एवढी वर्षं केलंस, आता कागद घेऊनच ये. माझ्या मते दोन्ही टोकं चुकीची आहेत. कॉलेज ऑडिशनच्या रचना आणि ऑनर्स रिसायटलच्या रचना शक्य तितक्या एकच ठेवल्या तर निम्मा ताण कमी होतो. त्यासाठी दोन्हीकडचे नियम दहावीतच शिक्षकांसमोर ठेवून बसावं लागतं. आणि थिअरीची एखादीच पायरी राहिल्यानं ऑनर्स जात असेल, तर साधा डिप्लोमा घेऊन वाजवत राहणं हाही चांगला पर्याय आहे.

पैशांचा प्रश्न उरतोच. ज्युलियार्ड प्री-कॉलेजची वर्षाची फी १० हजार डॉलरच्या वर जाते. वाद्य, प्रवास, साथीदार पियानोवादकाचं मानधन वेगळं. आर्थिक मदत मिळते, पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. शिकागोच्या सरकारी शाळांतल्या संगीतशिक्षणाला कात्री लागल्यावर १९७९ मध्ये मेरिट स्कूल ऑफ म्युझिक सुरू झालं. तिथली ऑडिशन देऊन मिळणारी शनिवारची कॉन्झर्व्हेटरी विनाशुल्क आहे. ज्युलियार्डचाच म्युझिक अ‍ॅडव्हान्समेंट प्रोग्रॅम १९९१ पासून अभिजात संगीतात ज्यांचं प्रमाण कमी आहे अशा समाजघटकांतल्या मुलांसाठी चालतो, आणि २०२१ मध्ये त्याला क्रँकस्टार्ट फाउंडेशनकडून ५ कोटी डॉलरची देणगी मिळाली. प्रवेशाच्या ऑडिशन बहुतेक ठिकाणी शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या कित्येक महिने आधी होतात, त्यामुळे पुढच्या सप्टेंबरचा विचार असेल तर चौकशी या हिवाळ्यातच करायला हवी.