चुनखडीच्या डोंगरावरची द्राक्षे

कुपर्टिनो हे नाव आता पुण्या-मुंबईच्या मराठी घरांत चिंचवड-डोंबिवलीइतकेच ओळखीचे झाले आहे. कोणाची मुलगी तेथे असते, कोणाचा भाचा. दर उन्हाळ्यात आईबापांची एक तुकडी मेतकूट आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन कॅलिफोर्नियाकडे रवाना होते आणि परत आल्यावर ॲपल कंपनीच्या वर्तुळाकार कचेरीचे, रुंद रस्त्यांचे आणि भाजीच्या दरांचे वर्णन चवीने करते. गावाच्या पश्चिमेला जो डोंगर उभा आहे, त्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही.

त्या डोंगराचे नाव माँटे बेलो. इटालियन भाषेत त्याचा अर्थ ‘सुंदर पर्वत’. गावातले धरण मागे टाकले की साडेचार मैलांचा वळणावळणांचा घाट लागतो. रस्ता इतका अरुंद की समोरून मोटार आली म्हणजे दोघांपैकी एकाने सभ्यपणा दाखवावाच लागतो. माथा साधारण माथेरानच्या उंचीवर, म्हणजे २,६०० फुटांच्या आसपास आहे. तेथे ‘रिज व्हाइनयार्ड्स’ या नावाचा द्राक्षमळा आणि वाइनचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर डोळ्यांसमोर धुराडे आणि भोंगा येईल. येथे त्यातले काही नाही. कुडाची वाटावीत अशी जुनी लाकडी छपरे, उतारावर वेलींच्या रांगा आणि खाली पसरलेली सबंध सिलिकॉन व्हॅली. भाच्याने मला तेथे नेले ते मुख्यतः देखावा दाखवायला. मी अडकलो ते त्या जागेच्या इतिहासात.

१८८५ साली ओसिया पेरोने नावाच्या एका डॉक्टरने ह्या माथ्याजवळची १८० एकर जमीन विकत घेतली. गृहस्थ मूळचे उत्तर इटलीचे, सॅन फ्रान्सिस्कोच्या इटालियन वस्तीतले बडे प्रस्थ. त्यांनी उतारावर पायऱ्या खोदल्या, वेली लावल्या आणि डोंगरातलाच चुनखडीचा दगड फोडून, डोंगराच्या पोटात, तीन मजल्यांचे तळघर बांधले. १८९२ च्या हंगामाला ते तयार झाले. आजही वाइन तेथेच बनते.

हा चुनखडीचा दगडच सगळ्या गोष्टीचे मूळ आहे. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षभूमीत तो सहसा सापडत नाही. ही चुनखडी मूळची समुद्राच्या तळावरची; कोट्यवधी वर्षांपूर्वी दूर समुद्रात साचली आणि भूकवचाच्या सरकण्याबरोबर हळूहळू येथवर आली. डोंगराच्या पश्चिम अंगाने सॅन अँड्रियाज ही भूकंपाची प्रसिद्ध भेग जाते, ती ह्याच सरकण्याची खूण. वर हिरवट दगड आणि चिकणमातीचा थर, खाली भेगाळलेली चुनखडी. पाणी झिरपून जाते, मुळांना खोल उतरावे लागते, वेल फोफावत नाही. मौज अशी की ह्याच डोंगराच्या कुशीत ह्याच दगडाची एक अवाढव्य खाण आहे. हेन्री कायझर ह्या उद्योगपतीने १९३९ मध्ये तेथे सिमेंटचा कारखाना काढला आणि शास्ता धरणाला सिमेंट पुरवले. एकाच दगडाचे एका बाजूला धरण झाले आणि दुसऱ्या बाजूला वाइन.

वाइनची बाजू मात्र मध्यंतरी पार बुडाली होती. अमेरिकेने १९२० पासून १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी केली. बंदी उठल्यावरही डोंगरावरची शेती परवडेना, आणि १९४० नंतर लवकरच मळे टाकून दिले गेले. पायऱ्यांवर झुडपे माजली. त्यातून एक तुकडा वाचला तो विल्यम शॉर्ट नावाच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकामुळे. पेरोनेच्या जमिनीखालचा एक पडका मळा त्याने विकत घेतला आणि १९४० ते १९५० या दशकाच्या अखेरीस त्यातल्या काही भागांत काबर्ने सोव्हिन्याँ जातीच्या वेली पुन्हा लावल्या. त्या काळी कॅलिफोर्नियात ही बोर्दोची उंची जात लावणारे लोक फार थोडे होते. त्याने हीच का निवडली असेल, असा विचार माझ्या मनात पुष्कळ वेळ घोळत राहिला. धर्मशास्त्रातल्या मनुष्याला फळाची घाई नसते, एवढेच त्याचे उत्तर मला सुचले.

पुढचा अंक सुरू होतो १९५९ मध्ये, आणि तो नाटकात शोभावा असा आहे. खालच्या खोऱ्यात स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट नावाची संशोधनसंस्था होती. तेथल्या डेव्ह बेनियन, ह्यू क्रेन, चार्ली रोझेन आणि हॉवर्ड झायडलर ह्या चौघांनी मिळून शॉर्टचा मळा विकत घेतला. हेतू काय, तर सुटीच्या दिवशी बायकामुलांना घेऊन डोंगरावर जावे. त्याच वर्षी त्यांनी घरापुरती, पाव पिंप वाइन करून पाहिली. शिक्षण कोणालाच नव्हते; पण ती वाइन अशी उतरली की चौघेही चकित झाले. १९६२ च्या हंगामापासून त्यांनी रीतसर परवाना घेऊन धंदा सुरू केला. आठवडाभर प्रयोगशाळा आणि शनिवार-रविवारी खुरपे, असा त्यांचा संसार कित्येक वर्षे चालला.

ह्यांपैकी रोझेन ह्यांचा उल्लेख जरा थांबून केला पाहिजे. ‘शेकी’ नावाचा जो चाकांवर फिरणारा यंत्रमानव संगणकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, खोलीतले अडथळे पाहून आपली वाट आपणच ठरवणारा, त्याचे काम १९६६ ते १९७२ ह्या काळात ह्याच संस्थेत आणि ह्याच गृहस्थांच्या पुढाकाराने झाले. म्हणजे सोमवार ते शुक्रवार यंत्राला विचार करायला शिकवायचे आणि शनिवारी डोंगरावर जाऊन द्राक्षांच्या कामात शक्य तितकी लुडबूड करायची नाही! खाली खोऱ्यात जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागा होत्या; त्यांच्या बहरामुळे ते खोरे प्रसिद्ध होते. त्या बागा ज्या विद्येने खाल्ल्या, त्याच विद्येच्या माणसांनी वरचा मळा राखला.

लुडबूड न करणे म्हणजे काय, हे तेथल्या माहितगाराकडून मी समजून घेतले. द्राक्षाच्या रसाची वाइन होते ती यीस्टमुळे. बहुतेक कारखाने पाकिटातले, कमावलेले यीस्ट टाकतात. येथे ते टाकीत नाहीत. आपल्याकडे इडलीचे पीठ विरजणावाचून रात्रभरात फुगते, तसाच येथला रस मळ्यातल्या आणि तळघरातल्या यीस्टवर आपोआप आंबतो. काळ्या द्राक्षाचा रंग आणि तुरटपणा असतो सालीत, म्हणून आंबणारा रस पुनःपुन्हा सालींवरून फिरवायचा. त्यानंतर एक दुसरे आंबवण होते. त्यात कच्च्या सफरचंदासारखे जहाल आम्ल बदलून ताकातल्यासारखे मवाळ आम्ल होते. तेही आपोआप होऊ द्यायचे. मग वाइन ओकच्या पिंपांत भरायची. येथे वेगळेपण असे की नामांकित काबर्नेवाले फ्रेंच ओकवर अडून बसतात, तर ही मंडळी मुख्यतः अमेरिकन ओक वापरतात, तोही उघड्या हवेत सुकवलेला.

अर्थात हात न लावणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. त्यांची प्रयोगशाळा कडक आहे. रोजच्या रोज मोजमाप चालते. मळ्याचे लहान लहान तुकडे पाडले आहेत. प्रत्येक तुकड्याची द्राक्षे वेगळी तोडायची, वेगळी आंबवायची, आणि हिवाळ्यात सगळे नमुने नावे झाकून चाखायचे. जे नमुने दीर्घकाळ टिकतील आणि त्या डोंगराचा गुण दाखवतील असे वाटते, तेवढेच ‘माँटे बेलो’ नावाच्या बाटलीत जातात. त्यात मुख्य काबर्ने सोव्हिन्याँ, जोडीला मेर्लो, पेटी व्हेर्दो आणि काबर्ने फ्राँ. जे नमुने लवकर मऊ होतात त्यांची ‘इस्टेट’ नावाची दुसरी वाइन होते.

आमच्या नाशिककडच्या एका स्नेह्यांची खाण्याच्या द्राक्षांची बाग आहे. त्यांना एकरी आठ-दहा टन माल निघाला नाही तर झोप येत नाही. माँटे बेलोवर एकरी दोन टन म्हणजे चांगले पीक. कित्येकदा त्याहूनही कमी. समुद्र पंधरा मैलांवर, हवा थंड, जमीन कद्रू. फळ लहान, साल जाड. परतल्यावर मी हा हिशेब त्यांना सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “अहो, मग तो माणूस खातो काय?” प्रश्न रास्त होता. माँटे बेलोच्या एका बाटलीला दोनशे डॉलरांहून अधिक पडतात, हे उत्तर ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. (नाशिकचा आणि ह्या खोऱ्याचा धागा तसा जुळलेला आहेच. ‘सुला’ सुरू करणारे राजीव सामंत स्टॅनफर्डलाच शिकले, ओरॅकल कंपनीत नोकरी करून परतले आणि १९९९ साली त्यांनी नाशिकला वाइनचा उद्योग काढला.)

१९६८ मध्ये पेरोनेचे जुने दगडी तळघर ह्या शास्त्रज्ञांच्या हाती आले आणि पुढच्या वर्षी पॉल ड्रेपर नावाचा तरुण त्यांना येऊन मिळाला. हा स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानाचा पदवीधर. चिलीच्या किनारी डोंगरांत एक लहान वाइनचा कारखाना चालवून नुकताच परतलेला. वाइनशास्त्राची पदवी त्याच्याजवळही नव्हती. तो एकोणिसाव्या शतकातली जुनी पुस्तके वाचून शिकला होता. ह्या चौघा हौशी मंडळींची १९६२ आणि १९६४ ची वाइन चाखून तो ह्या डोंगरावर आला आणि २०१६ पर्यंत, म्हणजे ४७ वर्षे, तेथेच राबला. मधे १९८६ मध्ये भागीदारांनी मालकी आकिहिको ओत्सुका ह्या जपानी औषध-उद्योजकाला विकली. घामाने गेलेले क्षार भरून काढणारे जे ‘पोकारी स्वेट’ पेय जपानात खपते, ते ह्यांच्याच उद्योगाचे. मालक बदलला तरी ड्रेपर तेथेच राहिला आणि त्याची पद्धतही राहिली, ह्याचे श्रेय त्या जपानी गृहस्थाला दिले पाहिजे. पैसेवाल्याला दूर राहणे साधतेच असे नाही.

आता पॅरिसची हकिगत. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्पुरियर नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. तांबड्या वाइनमध्ये कॅलिफोर्नियाची ‘स्टॅग्ज लीप’ पहिली आली आणि फ्रान्समध्ये हलकल्लोळ झाला. आमच्या डोंगराची १९७१ ची बाटली पाचवी आली. ‘ह्या अमेरिकन वाइन आज गोड बोलतात, पण म्हातारपणी कोसळतील; आमच्या मात्र खुलतील,’ अशा अर्थाचा युक्तिवाद फ्रेंचांनी केला. युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. तो तपासायला दहा वर्षांनी, १९८६ मध्ये, तेच तांबडे नमुने पुन्हा चाखले गेले. ह्या खेपेला माँटे बेलो दुसरी आली. आणि २४ मे २००६ रोजी, तीस वर्षे पुरी झाल्यावर, लंडन आणि नापा येथे एकाच दिवशी पुन्हा परीक्षा झाली. १९७१ ची माँटे बेलो पहिली आली, तीही चांगल्या फरकाने. पाचवी, दुसरी, पहिली! तीस वर्षे बाटलीत गप्प बसून तिने वाद मिटवला. मला ही गोष्ट १९७६ च्या गाजलेल्या निकालाहून मोठी वाटते, पण तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही.

आणखी एक गोष्ट मला विशेष आवडली. अमेरिकेत वाइनच्या बाटलीवर आत काय घातले आहे हे सगळे छापण्याची सक्ती नाही. बिस्किटाच्या पुड्यावर असते, वाइनवर नसते. ह्या लोकांनी २०११ च्या हंगामापासून ते आपण होऊन छापायला सुरुवात केली. हातांनी तोडलेली द्राक्षे, मळ्यातलेच यीस्ट, आपोआप आलेले जंतू, पिंपाचा ओक आणि नेमका लागेल तेवढाच गंधकाचा वायू, अशी ती यादी असते. तुरटपणा बसवण्यासाठी एखाद्या वर्षी ताज्या अंड्याचा पांढरा बलक वापरला, तर तेही लिहिलेले असते. आपल्या शाकाहारी वाचकांपैकी कोणी चोरून चव घेणार असतील, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मी चव घेतली. आमच्या घरी अंगूर माहीत, मनुका माहीत. वाइन म्हणजे दारू आणि दारू म्हणजे दारू, असा सरळ हिशेब. त्यामुळे माझ्या जिभेवर कोणी विसंबू नये. पहिल्या घोटाला मला ती तुरट वाटली. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तशी. पेला हातात धरून पंधरा-वीस मिनिटे बसलो, तशी ती सैल होऊ लागली. आधी काळ्या फळाचा, मग ओल्या दगडाचा, मग चंदनाच्या जवळपासचा असा काही वास आला. डोके जड झाले नाही. कॅलिफोर्नियाच्या कित्येक तांबड्या वाइनमध्ये मद्यार्क पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. ही मात्र साधारण तेरा-साडेतेराच्या आसपास राहते. थंड हवेत फळ सावकाश पिकते, साखर आवरून राहते, त्याचा हा परिणाम.

पेला भरणाऱ्या बाईंना मी विचारले, ही बाटली केव्हा उघडावी? नवी असेल तर दहा वर्षे तरी थांबा, त्या म्हणाल्या, आणि वीस थांबलात तर अधिक चांगले. मी मनाशी माझ्या वयात वीस मिळवून पाहिले आणि ‘इस्टेट’ची एक बाटली बांधून द्यायला सांगितली. माँटे बेलोची भाच्याने घेतली.