पक्षी टिपा, पण चिखलात अनवाणी उतरू नका

हिवाळा सरत आला की निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरकडे कॅमेरेवाल्यांची रीघ लागते. २०२० मध्ये रामसर यादीत आलेल्या या पाणथळीवर चमचे, जांभळ्या पाणकोंबड्या पाहायला मीही जातो. फोटो जवळून मिळावा म्हणून काहीजण चपला काढून थेट चिखलात उतरतात. डॉक्टर म्हणून मला त्यांच्या पायांची काळजी वाटते.

अशा काठांवर गुरे चरतात, उंदीर-घुशी फिरतात. त्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरा हे जंतू ओल्या मातीत व साचलेल्या पाण्यात मिसळू शकतात. पायाला भेग असेल, खरचटले असेल, तर तेथून ते शरीरात शिरतात.

बहुधा ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. डोके व पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. हा आजार पावसाळ्यात अधिक आढळतो. त्यामुळे फेब्रुवारीत त्याची शंका चटकन येत नाही, आणि रुग्णही तोवर सहल विसरलेला असतो. ताप अंगावर काढू नका. ‘चिखलात उतरलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळीच प्रतिजैविके मिळाली तर रुग्ण बहुधा बरा होतो. उशीर झाल्यास मूत्रपिंड व यकृत निकामी होऊ शकते.

जाताना गमबूट घाला, जखम पाणी न शिरणाऱ्या पट्टीने झाका, परतल्यावर पाय साबणाने धुवा. शक्यतो निरीक्षण मनोऱ्यावरूनच फोटो काढा. पक्षीही बुजणार नाहीत.