बास गिटारचे कॅबिनेट: इंच, वॉट आणि ऐकीव माहिती

बास गिटारच्या कॅबिनेटबद्दलचा सर्वांत चिवट गैरसमज इंचांचा आहे. १५ इंची स्पीकर म्हणजे खोल खर्ज आणि १० इंची म्हणजे चटपटीत पण पोकळ आवाज, असे सर्रास सांगितले जाते. आवाज निघतो तो पडदा हवा ढकलतो तेव्हा, त्यामुळे आधी पडद्याचे क्षेत्रफळ पाहावे. १० इंची स्पीकरचा कामाचा पडदा साधारण ३५० चौरस सेंटिमीटरचा असतो, १५ इंचीचा साधारण ८५० चा. म्हणजे चार १० इंची स्पीकर मिळून १४०० चौरस सेंटिमीटर होतात आणि एकट्या १५ इंचीला सहज मागे टाकतात. शिवाय खर्ज किती खाली जाईल हे व्यास ठरवतच नाही. ते ठरते स्पीकरच्या स्वतःच्या अनुनादावर, खोक्याच्या आतल्या जागेवर आणि खोक्याला भोक, म्हणजे पोर्ट असेल तर ते कोणत्या वारंवारतेला लावले आहे यावर.

हा समज आला कुठून, हे इतिहासात दिसते. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला आणि पाठोपाठ बासमॅन हा ॲम्प आणला, तो एका १५ इंची स्पीकरचा. काही वर्षांतच त्याच बासमॅनमध्ये चार १० इंची स्पीकर आले. मात्र त्याची पाठ उघडी होती. पडद्याच्या मागून निघणारी लाट पुढच्या लाटेला खालच्या स्वरांत खाऊन टाकते, त्यामुळे बासवादकांपेक्षा गिटारवादकांनीच तो ॲम्प उचलला. लंडनमध्ये १९६२ च्या सुमारास मार्शलचा पहिला ॲम्प याच बासमॅनच्या आराखड्यावर उभा राहिला. पुढे १९६९ मध्ये अँपेगने एसव्हीटी आणला तेव्हा त्याच्या कॅबिनेटमध्ये आठ १० इंची स्पीकर होते, तेही पूर्ण बंद खोक्यात. रॉकमधला भरदार बास ज्या कॅबिनेटमुळे ओळखला जातो, त्यात एकही १५ इंची नाही.

तरीही १५ इंची ‘खोल’ वाटतो, आणि त्यालाही कारण आहे. तरंगलांबी पडद्याच्या व्यासाएवढी झाली की आवाज सगळीकडे न पसरता समोरच्या अरुंद पट्ट्यात जाऊ लागतो. १५ इंचीच्या बाबतीत हे साधारण १००० हर्ट्झला सुरू होते, १० इंचीच्या बाबतीत पंधराशेच्या आसपास. कॅबिनेटच्या बाजूला उभ्या असलेल्या वादकाला १५ इंचीमधून वरचे स्वर कमी पोचतात. तारेची टणक किनार हरवते आणि कान त्यालाच खर्ज वाढला असे समजतो. ॲम्पवरचे ट्रेबलचे बटण खाली केले तरी बराचसा तसाच परिणाम मिळतो.

यातूनच पुढचा उपाय निघतो: ‘वरच्या आवाजासाठी चार १० इंची, खालच्यासाठी एक १५ इंची’. दोन्ही कॅबिनेट एकावर एक रचली की दिसायलाही झोकात दिसतात. पण ॲम्पमधून निघणारा सिग्नल मध्ये खालचे-वरचे स्वर वेगळे करणारा क्रॉसओव्हर नसल्यास दोन्हीकडे जसाच्या तसा जातो, कामाची वाटणी कोणी करत नाही. दोन्ही कॅबिनेट ८ ओहमची असतील तर शक्ती निम्मी-निम्मी होते. ४०० वॉटमधले २०० वॉट एकट्या १५ इंचीवर येतात आणि उरलेले २०० चौघांत वाटले जाऊन प्रत्येकी ५० होतात. चारही छोटे स्पीकर निवांत असतात आणि खर्जाचा आधार म्हणून आणलेला थोरला सर्वांत आधी दम टाकतो. वर दोघांचे स्वभाव वेगळे असल्याने काही स्वरांना ते एकमेकांना साथ देतात, काहींना काटतात. हे मिश्रण एखाद्याच्या कानाला आवडू शकते, पण त्यामागे सांगितले जाणारे कारण खोटे आहे. दुसरे कॅबिनेट घ्यायचेच असेल तर पहिल्यासारखेच घेणे सर्वांत सुरक्षित.

खर्जाच्या मोजमापाबद्दलही असाच घोळ आहे. चार तारांच्या बासवरचा मोकळा खालचा ई ४१ हर्ट्झचा, पाच तारांवरचा बी ३१ हर्ट्झचा, म्हणून कॅबिनेटही तिथपर्यंत पोचलेच पाहिजे, असा हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात खालच्या तारेच्या आवाजातली बरीचशी ताकद मूळ वारंवारतेत नसते. ती तिच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेच्या उपस्वरांत, म्हणजे ई साठी ८२ आणि १२४ हर्ट्झला, असते. मूळ स्वर क्षीण असला तरी उपस्वरांच्या अंतरावरून मेंदू तो भरून काढतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही बासची चाल ओळखू येते ती यामुळेच. अँपेगचे ते आठ स्पीकरवाले धूड साठ हर्ट्झच्या आसपासच उतरू लागते, तरी आजवर कोणी त्याला फुसके म्हटलेले नाही.

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘३५ हर्ट्झपर्यंत’ असे छापलेले असते. किती डेसिबलच्या घटीवर, हे सोबत नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. ३ डेसिबलची घट कानाला जेमतेम जाणवते. १० डेसिबलने उतरलेला आवाज निम्माच वाटतो.

छोटे खोके, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. केएलएच या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकांपैकी जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. तिघांपैकी दोन निवडायच्या आणि तिसरीवर पाणी सोडायचे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकर आणि खोक्याचे गणित नीट मांडले. तेव्हापासून खोक्याचे माप अंदाजाने नव्हे तर हिशेबाने काढता येते. हा हिशेब चुकवणारे ‘लहानगे पण जबरदस्त’ कॅबिनेट फक्त जाहिरातीत असते.

वॉटचा आकडा लोकांना सर्वाधिक भुलवतो. कॅबिनेटच्या पाठीवरच्या पट्टीवर ‘८०० वॉट’ लिहिले असेल तर ते ८०० वॉटचा आवाज देते असे नाही; तेवढ्या शक्तीने आतली कॉइल जळणार नाही, एवढेच त्यातून कळते. आवाज किती येईल ते सांगते संवेदनशीलता, म्हणजे एका वॉटला एका मीटरवर किती डेसिबल. समजा एका कॅबिनेटची संवेदनशीलता १०० डेसिबल आहे आणि दुसऱ्याची ९४. पहिल्याला १०० वॉट दिल्यावर जो आवाज मिळतो, तोच दुसऱ्यातून काढायला ४०० वॉट लागतात. शक्ती दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. २०० वॉटचा ॲम्प विकून ३०० वॉटचा घेणाऱ्याला फरक ऐकू येत नाही तो याचमुळे.

कॉइल जळण्याच्या कितीतरी आधी पडद्याची हालचाल संपते. एक सप्तक खाली गेले की तेवढ्याच आवाजासाठी पडद्याला चौपट पुढे-मागे जावे लागते. पोर्टच्या लहान कॅबिनेटवर पाचवी तार जोरात वाजवून पाहावी. पोर्ट ज्या वारंवारतेला लावला आहे तिच्या खाली आतल्या हवेचा आधार सुटतो आणि जाळीतून पडदा फडफडताना डोळ्यांनी दिसतो, आवाज मात्र फुटका आणि पातळ येतो. अशा वेळी बासचे बटण आणखी पिळणे हा सर्वांत वाईट उपाय. त्या पट्टीत ६ डेसिबल वाढवणे म्हणजे चौपट शक्ती मागणे. गिटारचे कॅबिनेट बासला चालत नाही त्याचेही कारण हेच: त्यातल्या स्पीकरचे पडदे फार थोडे हलण्यासाठी बनवलेले असतात.

‘कमी वॉटच्या ॲम्पने स्पीकर जळतो’ हेही नेहमी कानावर येते. कमी शक्तीने काहीच जळत नाही. छोटा ॲम्प त्याच्या कुवतीपलीकडे रेटला की लाटेची टोके छाटली जातात, सरासरी शक्ती वाढते आणि वरच्या उपस्वरांचा मारा ट्विटरवर, म्हणजे वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरवर, येतो. दोष रेटण्याचा असतो, आकड्याचा नाही.

ओहमचे गणित छोटे, पण ते चुकले तर खिशाला भारी पडते. ८ ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की ४ ओहम होतात, ४ ची दोन जोडली की २. बऱ्याच ट्रान्झिस्टर ॲम्पची किमान मर्यादा ४ ओहम असते. तिच्या खाली गेले की ॲम्प तापतो किंवा बंद पडतो. व्हॉल्व्हच्या ॲम्पला मात्र ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या ओहमशी जुळणारेच कॅबिनेट लागते. ‘४ ओहमचे कॅबिनेट ८ च्या दुप्पट वाजते’ ही समजूत ऐकून पहिले कॅबिनेट ४ ओहमचे घेतले जाते. फरक फार तर ३ डेसिबलचा असतो आणि दुसरे जोडायची वाट बंद होते. उलट ८ ओहमच्या कॅबिनेटला तसेच दुसरे जोडले की शक्ती आणि पडदे दोन्ही वाढून खालच्या स्वरांत ६ डेसिबलपर्यंत भर पडते.

४१ हर्ट्झची लाट आठ मीटरहून लांब असते, म्हणून बास ‘तयार’ व्हायला तेवढे अंतर लागते, असे शास्त्रीय भासणारे एक विधान आहे. ते खरे असते तर हेडफोनवर बास ऐकूच आला नसता. कॅबिनेटजवळ आवाज कमी वाटतो कारण ते जमिनीवर असते आणि आवाजाची धार वादकाच्या गुडघ्यावरून निघून जाते. दोन स्पीकरचे कॅबिनेट आडवे न ठेवता उभे केले की वरचा स्पीकर कानाच्या जवळ येतो, आणि दोन्ही पडदे एका उभ्या रेषेत आल्याने आवाज डावी-उजवीकडे जास्त समान पसरतो. भिंतीपासूनचे अंतरही पाहावे. पडदा मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल तर परतणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमकी बासच्या गाभ्यात, खड्डा पाडते. भिंतीला जवळजवळ टेकवले की हा खड्डा वर सरकतो आणि निरुपद्रवी होतो. पोर्ट मागे असेल तर थोडी फट मात्र ठेवावी.

जड कॅबिनेट म्हणजे चांगले कॅबिनेट, हा समज फेराइट चुंबकाच्या काळातला. निओडिमियमच्या चुंबकाने वजन बरेच उतरते आणि त्यामुळे आवाज पातळ होत नाही. खोके आतून आडव्या पट्ट्यांनी घट्ट केलेले असणे जास्त महत्त्वाचे. आठ स्पीकरचे अँपेग साठ किलोंच्या वर जाते, ते ना रिक्षात बसते ना लोकलमध्ये. मैदानावरच्या कार्यक्रमात श्रोत्यांपर्यंत बास डीआय बॉक्समधून मिक्सरमार्गे पीएवरच, म्हणजे श्रोत्यांसाठीच्या ध्वनियंत्रणेवरच, जातो आणि कॅबिनेट उरते वादकापुरते व ड्रमरपुरते. तेवढ्याला एक चांगले १२ इंची किंवा दोन १० इंची बहुतेक वेळा पुरते. पीए नसलेल्या छोट्या हॉलमध्ये मात्र ते अपुरे पडते, तिथे जास्त पडदे लागतातच. कॅबिनेट जोडताना गिटारची पातळ, शील्ड असलेली केबल वापरू नये. तिच्या बारीक तारेला एवढा करंट झेपत नाही. स्पीकरची जाड तार आणि शक्यतो स्पीकॉन जोडणीच वापरावी.