वारं गेलं नाही, रक्तवाहिनी तुंबली!

कामं आटोपून रेडिओजवळ बसलात ना? आज जरा महत्त्वाचं बोलायचंय.

मागच्या सुगीतली गोष्ट. आमच्या गटातल्या एक मावशी सकाळी भाकरी थापत होत्या. एकाएकी उजवा हात लुळा पडला. बोलायला गेल्या तर जीभ जड. घरातले म्हणाले, "अंगावरून वारं गेलं." कुणी तेल चोळलं, कुणी शेजारच्या गावी औषध देणाऱ्याकडे नेलं. मोठ्या दवाखान्यात पोचेस्तोवर संध्याकाळ झाली. मावशी वाचल्या, पण हात अजून कामाला येत नाही.

मावशींना बारा वर्षांपासून साखरेचा आजार. बरं वाटलं की गोळी सोडायच्या. गटात प्रश्न निघाला : साखर रक्तात, मग मार मेंदूला कसा बसला? आम्ही डॉक्टरांकडून समजून घेतलं, तेच सांगतो.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या साधारण २ टक्के. पण शरीर वापरतं त्यातला जवळजवळ २० टक्के प्राणवायू तो एकटा घेतो. त्याच्याकडे साठवण नसते. सगळं रक्तातून, बारीक बारीक रक्तवाहिन्यांमधून, क्षणाक्षणाला यावं लागतं.

या वाहिन्यांना आतून पेशींचा पातळ थर असतो. आपण कणगी शेणामातीने लिंपतो, फट ठेवत नाही, तशा मेंदूतल्या या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात. हवं ते आत सोडतात, नको ते अडवतात. फक्त हे लिंपण जिवंत आहे. त्यालाही प्राणवायू लागतो.

आता साखर काय करते? स्नायूंच्या पेशी साखर आत घ्यायला इन्सुलिनची वाट बघतात. या पेशींचं दार मात्र इन्सुलिनशिवायही उघडं असतं. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. त्या जास्तीच्या साखरेतून घातक पदार्थ तयार होतात आणि पेशींना गंजासारखे खातात. लिंपणाला भेगा पडतात, वाहिनी कडक होते, गुठळी धरायला जागा होते. वर्षानुवर्षं हे चालतं, आणि दुखत काहीच नाही.

मग एक दिवस गुठळीने वाहिनी तुंबते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. साखरेने आधीच खिळखिळ्या झालेल्या पेशींना हा दुसरा घाव सोसत नाही. भेगांतून पाणी झिरपतं, मेंदूला सूज येते. म्हणून साखर असलेल्यांना लकव्याचा धोका जास्त, आणि झाला तर नुकसानही जास्त.

शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत अशा पेशी वाढवतात. त्यांना जास्त साखर आणि कमी प्राणवायू देऊन, त्या कशाने वाचतील ते शोधतात. पण बशीतली पेशी वाचणं वेगळं आणि माणूस वाचणं वेगळं. म्हणून "मेंदूच्या नसा साफ करतो" म्हणून कुणी चूर्ण विकायला आला, तर बचतीचे पैसे त्यात घालू नका.

आपल्या हातात आहे ते करू या. तिशी ओलांडली की उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. तिथे पैसे लागत नाहीत, आशाताईंना विचारा. गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने सोडू नका. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी असते, ती बहुतेकांची ७ च्या आत असावी. तुमचा आकडा किती हवा, ते डॉक्टरांना विचारा. गोळी घेऊन कडक उपास करू नका, साखर फार उतरली तरी मेंदू उपाशी राहतो. मशेरी आणि तंबाखू सोडा, त्याने रक्तवाहिन्या आकसतात. चुलीचा धूर कोंडू देऊ नका, त्यातला विषारी वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो.

आणि हे तर पाठच करा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात वेळ बघा आणि १०८ ला फोन लावा. तेल चोळत बसू नका. पाणी, चहा, गोळी, तोंडात काहीही घालू नका, ठसका लागून जीव जाऊ शकतो. जिथे सीटी स्कॅन होतो अशाच दवाखान्यात न्यायला सांगा. गुठळी आहे की रक्तस्राव, ते त्यातच कळतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. त्रास सुरू कधी झाला, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.

मावशी आता दर बैठकीला येतात. डाव्या हाताने सही करतात आणि प्रत्येकीला विचारतात, "साखर तपासलीस का गं?" त्यांचाच प्रश्न आज तुम्हालाही विचारतो. पुढच्या बैठकीत याचं उत्तर घेऊनच या. नमस्कार!