एका पुस्तकाच्या सावलीतले साने गुरुजी

दापोली तालुक्याने मराठी कादंबरीला दोन मोठे लेखक दिले. त्यातल्या बुरोंडी गावाच्या उत्तरेला, आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे 2007 पर्यंत जगले आणि ‘रथचक्र’साठी साहित्य अकादमीचा सन्मान त्यांनी स्वतः स्वीकारला, समुद्रापासून आत असलेल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने यांनी मात्र 11 जून 1950 रोजी, वयाच्या पन्नाशीत, स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपवली. मरणोत्तर कीर्ती, म्हणजे लेखकामागे त्याच्या लेखनाला लाभणारी मान्यता, सानेगुरुजींना भरभरून मिळाली, पण ती जवळजवळ सगळी एकाच पुस्तकाच्या वाट्याला गेली.

दापोलीच्या मिशन शाळेतले शिक्षण, अमळनेरची शिक्षकी आणि सत्याग्रहातले तुरुंगवास हा क्रम सर्वपरिचित आहे. धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये विनोबांची गीताप्रवचने गुरुजींनीच टिपून घेतली आणि पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग अवघ्या पाच दिवसांत लिहिला. त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला, त्याला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, आणि तेव्हापासून गुरुजी म्हणजे आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंच्या मांडीवर डोके ठेवून रडणारा श्याम, हे समीकरण पक्के झाले.

याच्या उलट, अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेलव्हिल 1891 मध्ये मरण पावला तेव्हा जवळजवळ विस्मृतीत गेला होता, परंतु 1919 पासून त्याचा शोध सुरू झाला तेव्हा ‘मोबी डिक’बरोबर त्याचे अप्रकाशित हस्तलिखितही उजेडात आले; गुरुजींच्या बाबतीत मात्र वाचकांनी लेखकाला कधीच विसरले नाही, आणि त्यामुळेच त्याचा पुन्हा शोध घेण्याची गरज कुणाला वाटली नाही.

ज्या समीक्षकांनी त्यांना केवळ अश्रूंचे भाबडे लेखक ठरवले, त्यांनी ‘आस्तिक’ ही त्यांची कादंबरी मन लावून वाचलेली दिसत नाही. जनमेजयाचे सर्पसत्र, म्हणजे सापांच्या संहारासाठी मांडलेला महाभारतातला यज्ञ, ही कथा घेऊन गुरुजींनी नाग हे सरपटणारे प्राणी नसून जिवंत मानवसमाज आहेत अशी मांडणी केली, आर्य तरुणी वत्सला आणि नाग तरुण नागानंद यांचे प्रेम कथेच्या केंद्रस्थानी आणले, आणि सूडाने पेटलेल्या राजसत्तेसमोर, आर्य पिता व नागकन्या माता यांच्या पोटी जन्मलेल्या आस्तिकाला उभे केले. मिश्र रक्ताचा माणूसच हा संहार थांबवू शकतो, हा त्या कादंबरीचा गाभा आहे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे 1947 मध्ये प्राण पणाला लावणारा माणूस आणि ही कादंबरी लिहिणारा माणूस एकच आहे, आणि भारतातील प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकून जवळ यावे ही त्यांची आंतरभारतीची कल्पनाही त्याच मुळाची आहे.

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकणारा प्रताधिकार 2010 अखेर संपला, तेव्हा उपेक्षित कादंबऱ्या नव्याने, पाठ तपासून छापण्याची संधी होती. प्रकाशकांचा उत्साह मात्र ‘श्यामची आई’च्या नव्या मुखपृष्ठांवर आणि मुलांसाठीच्या संक्षेपांवर खर्च झाला, आणि संक्षेपांत श्यामने रोज रात्री सांगितलेल्या कथेची संथ लयच कापली जाते, हे दुःखद आहे. बुरोंडीपासून पालगडपर्यंतच्या शाळांनी आणि वाचनालयांनी यंदा 24 डिसेंबरला, गुरुजींच्या जन्मदिनी, कथाकथनाच्या स्पर्धेऐवजी ‘आस्तिक’चे सलग जाहीर वाचन ठेवावे.